आईचं माहेरचं नाव

रविवार संध्याकाळ, अल मनखूल, दुबई

वकिलानं आज पुन्हा तेच सांगितलं. आईचा जन्म पोर्तुगीज गोव्यातला, म्हणून पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी आधी तिची नोंद लिस्बनला करायची, मग माझी, मग माझ्या रियाची. पण आईच्या जन्मदाखल्यावर शेवंती आणि बाकी सगळीकडे सुलोचना! दोघी एकच, हे सिद्ध करा म्हणे. आमच्यात लग्नात मुलीचं नावच बदलतात, हे तिथल्या साहेबाला कसं पटवायचं?

रिया इथंच जन्मली, तरी इथला पासपोर्ट तिला मिळणार नाही. पोर्तुगालचा घेतला, की आमचा भारतीय खलास. मिळवतेय की घालवतेय, मलाच कळत नाही.

डिचोलीला आईला फोन लावला. विचारलं, तुला शेवंती म्हणून ओळखणारं कोणी आहे का गं, साक्ष द्यायला?

"माझा भाऊ गेला, तेव्हाच ते नाव गेलं," आई म्हणाली.

नाव आपणच पुसलं आणि आता पुरावाही तिच्याकडेच मागतोय.

फोन स्पीकरवर होता. रिया शेजारून सहज म्हणाली, "हाय, शेवंती आजी!"

पलीकडून मग अगदी कोवळ्या आवाजात आई म्हणाली, "ओ."