गेटवरचं कोहळं

२७ ऑक्टोबर, रविवार

डिंपल आली, नागपूरहून, छकुलीला घेऊन. नात तीन महिन्यांची. मागच्या महिन्यात छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी बजावलंय : धूर नको, मोठा आवाज नको. जावईबापू म्हणत होते, मग दिवाळीला गोंदियाजवळच्या गोरेगावला जाऊच नका. मी फोनवर शब्द दिला : आमच्या गल्लीत टिकलीसुद्धा वाजणार नाही. जन्मभर एसटीत कंट्रोलर होतो. आख्खा स्टँड माझ्या शिट्टीवर हलायचा. एक गल्ली म्हणजे काय!

छकुली आता कोणत्याही दिवशी खुदकन हसायला लागेल म्हणे. पहिलं हसू आजोबाला बघूनच आलं पाहिजे. रोज सकाळी अर्धा तास समोर बसणे.

२८ ऑक्टोबर

समोर बसलो. रडली. चष्म्यामुळे असावं.

सेफ्टी प्लॅन तयार. गेटजवळ पाण्याच्या दोन बादल्या, रेतीचं पोतं, गळ्यात शिट्टी. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना टाकली : 'ज्याच्या हातात फटाका दिसेल त्याच्यावर कारवाई होईल.' शेजारच्या छोटेलालने अंगठा टाकला. नुसता अंगठा. इतकी वर्षं शेजारी राहतो, मला या माणसाचा अंगठा कळतो. त्यात हसणं होतं.

ग्रुप सोडला. आता येतील सगळे शुद्धीवर.

संध्याकाळ : परत या, असं कोणीही म्हणालं नाही. ठीक आहे.

२९ ऑक्टोबर, धनतेरस

छोटेलालच्या ओसरीवर मीटिंग. मला वगळून. पडद्याआडून पाहिलं : छोटेलाल, त्याची मुलगी रिंकी (गोंदियाला कॉलेजात शिकते), रत्नपाल मास्तर, आणखी दोन-चार. मधूनमधून आमच्या घराकडे बोट. मी खोकललो तर सगळे गप्प!

नंतर मास्तर दारात. म्हणाले, काका, जरा सांगायचं होतं. मी आतूनच सांगितलं, काका घरी नाहीत. तर म्हणतात, "काका, आवाज तं तुमचाच येऊन राहिला." आवाज कोणाचाही कोणासारखा असू शकतो. गेले.

मग गस्त. एका माणसाच्या हातात लाल पुडकं दिसलं, शिट्टी मारली. अगरबत्ती निघाली. शिट्टीने छकुली दचकून उठली, खूप रडली. डिंपलने शिट्टी काढून घेतली आणि कुठेतरी लपवली. माझ्यावरच चिडली. पण मूळ दोष फटाक्यांचा. फटाके नसते तर शिट्टी लागलीच नसती.

३० ऑक्टोबर

समोर बसलो, चष्मा काढून. तरी रडली. तिच्या आईने आधीच काही सांगून ठेवलं असेल काय?

सुखवंताने दोन्ही बादल्या फरशी पुसायला नेल्या. बायको असून सहकार्य शून्य.

दुपारी छोटेलालकडे कोहळी उतरली. लाल (पुण्याकडे भोपळा म्हणतात ती), चांगली मोठी, चार. घरात माणसं तीन. इतकी भाजी कोण खाणार? रिंकी सुरी घेऊन दार लावून बसली. छोटेलालला कुंपणावरून विचारलं, कायले इतकी कोहळी? म्हणाला, "दिसनच जी उद्या तुमाले."

ही सरळ धमकी आहे.

३१ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी, पहाट

गेटच्या खांबावर कोहळं! कोरलेलं. दोन डोळे, वाकडं तोंड, आत पेटती पणती. अमावस्या तोंडावर, घरात लहान लेकरू. करणी! आधी दाराची कडी लावली, खोटं कशाला लिहू.

शांत डोक्याने तपास केला. अशीच कोहळी गल्लीत आणखी तीन ठिकाणी. अंजनाबाईकडे – ती हार्टची पेशंट. खुशालभाऊकडे – त्यांना लकवा. तिसरं छोटेलालच्याच गोठ्यावर – गाय गाभण. म्हणजे आजारी, म्हातारे, लेकुरवाळे निवडून निवडून धरलेत! गोठ्यावरचं अर्थात देखावा, आपल्यावर संशय येऊ नये म्हणून. पॅटर्न एकदम क्लिअर. पोलिसात जायला हवं होतं मी.

सुखवंता म्हणाली, "रिंकी हॅलोविन का काय म्हणून राहिली होती. इचारून तं या." कोणाला विचारू? आरोपीला?

दुपारी : कोहळ्यावर दोन लिंबं, हळद-कुंकू. सुपात घालून चौकात ठेवून आलो. मागे वळून बघायचं नसतं, बघितलं नाही. पुढेही बघितलं नाही, म्हणून पाय नालीत. अंजनाबाईचं तसंच राहू दिलं. ज्याने त्याने आपापलं बघावं.

घर आता सेफ.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

संध्याकाळी सात : कमाल आहे. अंजनाबाईच्या दारापुढे साधी फुलझडी नाही. खुशालभाऊंकडे शांत. छोटेलालच्या गोठ्याकडे शांत. याला म्हणतात धाक.

साडेसात : आमच्याच गेटसमोर लड! ती संपेपर्यंत दुसरी. मग अनार. घरात धूरच धूर. छकुली खोकून खोकून लाल झाली. मी स्वयंपाकघरातले डबे उपसले. शिट्टी सापडली, पिठाच्या डब्यात. जीव खाऊन फुंकली. पीठ उडालं, आवाज नाही.

डिंपल लेकराला पदराखाली घेऊन पळाली ती थेट छोटेलालकडे, गोठ्याला लागून असलेल्या मागच्या खोलीत. सुखवंताही निघाली. जाताना म्हणाली, तुम्ही बसा पहारा देत.

मी बाहेर येऊन ओरडलो, इथेच कायले फोडता? गल्लीतली शहाणी-सुरती माणसं होती. लगेच थांबली. मास्तर म्हणाले, "काका, ज्याच्या दारी कोहळं, तिथं फटाका नाही, असं ठरलं होतं नं. रिंकीची आयडिया. तुमच्या छकुलीसाठीच तं मीटिंग घेतली. तुमच्या गेटवर कोहळं नाही दिसलं, मनलं डिंपलताई गेल्या वाटते नागपूरले."

मी म्हणालो, मला कोणी सांगितलं नाही. मास्तर माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्यांचं ते बघणं मला आवडलं नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा

डिंपल घरी आली नाही. खोकला थांबला म्हणे. उद्याच्या बसने जाते म्हणाली. जावईबापूंचा फोन आला, उचलला नाही. नेटवर्कचा भरवसा नाही.

आज गायगोधन, गाईगुरांचा सण. गोवारी ढोल घेऊन आले, रंगवलेल्या गाई गल्लीतून गेल्या. दरवर्षी मी पुढे असतो. आज खिडकीतून पाहिलं. छोटेलाल गेटवर येऊन म्हणाला, "लेकरू बेस झोपलं जी राती. या नं पाहाले." गेलो नाही. पायाला नालीतली जखम आहे.

घर फार रिकामं वाटतं. मला असं घर आवडत नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज, सकाळ

गेलो शेवटी. बस नऊची.

गोठ्यावरचं कोहळं त्यांनी खाटेजवळ आणून ठेवलेलं. छकुली त्याच्याकडे बघून खुदकन हसत होती. कधीपासून, विचारलं. रिंकी म्हणाली, "परवा रातीपासूनच, काका."

मी समोर बसलो. चष्मा काढून, शिट्टी नाही, खोकललोसुद्धा नाही. रडली.

छोटेलालने कोहळं उचलून माझ्या हातात दिलं. मी ते तोंडासमोर धरलं आणि त्याच्यामागे लपलो.

हसली! आजोबाला बघूनच हसली. याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही.