बोटीवरची बोळवण

मु. पो. लासुर्णे, ता. इंदापूर
१४ डिसेंबर १९९६

थोरले साडूबुवा, राजमान्य सोपानराव यांच्या सेवेशी, लासुर्ण्याहून जोतीरामचा गुडघ्यापर्यंत वाकून रामराम. (त्याखाली वाकवत नाही. बोटीवरच्या मऊ गादीनं कंबर धरली आहे.) तुमच्या गुडघ्यातलं पाणी उतरलं का? झुंबरअक्का बी.पी.ची गोळी वेळेवर घेतात, की अजून तुळशीच्या कुंडीत टाकतात? जर्सी व्याली का, आणि व्याली असली तर कालवड झाली का गोऱ्हा, तेही कळवावं. चि. सुकन्याचं इंग्रजीचं एम.ए. कसं चाललं आहे? तिच्यासारखी हुशार मुलगी आपल्या दोन्ही घरांत नाही, असं मी हल्ली दुकानात येईल त्याला सांगत असतो. आमच्याकडे सर्व खुशाल. सौ. सारजा माझ्याशी बोलत नाही, बाकी तब्येत उत्तम.

बोटीची सहल कशी झाली म्हणून तुम्ही विचारलं होतं. गावात मी ‘एक नंबर’ एवढंच सांगितलं आहे, आणि तेवढ्यावर ग्रामपंचायतीनं माझा सत्कारही उरकून घेतला. पण साडू म्हणजे निम्मा भाऊ, तुमच्यापासून काय लपवायचं? लोक म्हणतात, जोतीरामनं फवारणीची औषधं उदंड खपवली म्हणून कंपनीनं त्याला जोडीनं सिंगापूरला नेलं आणि तिथून बोटीत बसवलं. खपवली हे खरं आहे, फक्त शेवटच्या पंधरवड्यात टार्गेट गाठायला मीच माझं गिऱ्हाईक झालो. (तो माल अजून माडीवर आहे. तुमच्या डाळिंबाला फवारणी करायची असली तर दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढू नका.) आमच्या पार्टीत सगळे असेच दुकानदार होते. बावड्याचे बियाण्यांचे व्यापारी इकबालभाई आणि करिमाभाभी हेही होते. इकबालभाई पूर्वी आखातात हॉटेलात नोकरीला होते, त्यामुळे त्यांना इंग्रजी येतं, आणि तोंड कधी मिटावं हेही कळतं, जे मला अजून जमलेलं नाही.

बोट म्हणजे काय सांगू! ऐन गाळपातला साखर कारखाना चिमणीसकट पाण्यावर सोडला तर जसा दिसेल, तशी. आत दुकानं, सिनेमा, पोहायचा हौद, आणि खाणं तर असं की माणूस एका पंगतीतून उठला की दुसऱ्या पंगतीत. आणि सगळं फुकट! इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. सोपानराव, आपली हयात खुशालीवर, म्हणजे वरच्या चिरीमिरीवर गेलेली. तोडकऱ्यांच्या हातावर खुशाली पडल्याशिवाय उसाला कोयता लागत नाही, वायरमनला कोंबडी खाऊ घातल्याशिवाय डीपीतला फ्यूज बसत नाही. आपल्याकडे आधी खुशाली, मग काम. मागून देणारा मागेच राहतो. म्हणून पहिल्याच जेवणाला मी वाढप्याच्या हातात आपली पन्नासाची नोट कोंबली आणि भाताच्या दिशेनं डोळा मारला. त्यानं नोट उलटीपालटी करून पाहिली, हसला, आणि हात जोडून परत दिली. बॅगा आणून देणाऱ्यानंही तेच केलं. मी थक्क झालो. (बसमध्ये कंपनीच्या साहेबांनी याविषयी काही तरी समजावून सांगितलं होतं म्हणे. त्या वेळी मी आणलेली शेंगदाण्याची चटणी वाटण्यात गुंतलो होतो.)

आता, माणसाला एखादी गोष्ट कळली की ती चारचौघांत सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी बोटीच्या गच्चीवर आमची पार्टी जमली होती, तिथं मी उभा राहून छोटंसं भाषणच केलं. म्हणालो, मंडळी, या बोटीवर चिरीमिरी घेत नाहीत, मी दोन ठिकाणी परीक्षा पाहिली आहे, तेव्हा जपून ठेवलेले डॉलर आता बिनघोर खर्चा. टाळ्या पडल्या. इकबालभाईंना बोट लागली होती, ते खोलीत लिंबू हुंगत आडवे होते, नाहीतर पुढचं रामायण तिथंच टळलं असतं. सगळी पार्टी बोटीवरच्या दुकानात शिरली ती पाकिटं झटकूनच बाहेर आली. मी बिनवायरचा टेलिफोन घेतला. (आपल्या घरी अजून वायरचासुद्धा यायचा आहे, नंबर लावलेला आहे. पण फोन आला की धावाधाव नको.)

आमच्या खोलीचं सगळं पाहायला रामोन नावाचा फिलिपाइन्सचा पंचविशीतला गडी होता. आम्ही जेवून येईपर्यंत हा अंथरुणं घालून खोली आरशासारखी करून जायचा, आणि सारजेच्या उशीवर टॉवेलाच्या घड्या घालून कधी ससा, कधी हत्ती करून ठेवायचा. ती तो टॉवेल मोडू देईना. अंघोळीनंतर मी धोतराच्या सोग्यानं अंग पुसलं, पण हत्ती तसाच राहिला. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती त्याच्याशी मराठीत बोलायची, तो त्याच्या भाषेत बोलायचा, आणि दोघं मान डोलवायची. माझ्याशी तिचं इतकं बोलणं वीस वर्षांत झालं नसेल.

शेवटच्या संध्याकाळी जेवून आलो तर उशीवर तीन पांढरी पाकिटं. प्रत्येकावर इंग्रजीत काही तरी वळणदार छापलेलं. आता तुम्हीच सांगा, तुम्ही असता तर काय समजला असता? पाहुणा निघाला की आपण त्याला टॉवेल-टोपी देतो, बाईमाणसाची ओटी भरतो, लेकरांच्या हातावर काही तरी ठेवतो. बोळवणीशिवाय कुणाला उंबरा ओलांडू देतो का? मी सारजेला म्हणालो, बघ, एवढी मोठी बोट, पण रीत सोडली नाही. एक पाकीट तुझं, एक माझं, आणि तिसरं घरी राहिलेल्या समर्थचं. (त्यांना आपल्याला मुलगा आहे हे कसं कळलं, हा विचार मला तेव्हा शिवला नाही.) मोठ्या कौतुकानं पहिलं उघडलं. रिकामं. दुसरं रिकामं. तिसरं फाडून उताणं केलं. त्यातून हवा सुद्धा पडली नाही.

माझं डोकं फिरलं. रिकामं पाकीट काही कुणी देत नाही. आपल्याकडे एक रुपया का होईना, आत चिकटवलेला असतो. म्हणजे आतलं कुणी तरी काढलं. आणि खोलीची किल्ली आम्ही सोडून कुणाकडे होती? सारजा म्हणाली, “आवं, त्यो तसला न्हाय. उगं कुणावर आळ घिऊ नगा.” पण मी कसला ऐकतो! बाहेर आलो तर खोल्यांमधल्या बोळात आमची सगळी पार्टी हातात रिकामी पाकिटं घेऊन उभी, आणि मी पुढारी असल्यासारखी माझ्याकडे बघते आहे. मग काय, मोर्चा खाली काउंटरवर. तिथल्या मुलीनं तक्रारीचा कागद पुढे केला. मी मोठ्या अक्षरात लिहिलं: एन्व्हलप कमिंग, मनी नॉट कमिंग. रूम बॉय ओन्ली कमिंग. आणि खाली झोकदार सही ठोकली. (एवढं इंग्रजी एका दमात मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, त्याची धुंदी वेगळीच होती.)

त्यांनी रामोनला बोलावलं. तो आला आणि मान खाली घालून उभा राहिला. साहेब विचारतोय, हा बुटाच्या टोकाकडे बघतोय. पाहुण्यासमोर उलट बोलायचं नाही असा तिथला नियम असणार. तेवढ्यात इकबालभाई भिंत धरत धरत आले. त्यांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं, वरचं छापलेलं वाचलं, साहेबाशी दोन शब्द बोलले आणि मला बाजूला ओढलं. “तात्या, ही पाकिटं रिकामीच असत्यात. ती आपुन भरायची हायत. एक खोली झाडणाऱ्याचं, दोन वाढणाऱ्यांचं. जितकं दिस राह्यलो तितक्या दिसाचं घालायचं आन् जाताना हातात द्यायचं. ह्येंचा पगार कमी आसतोय, घर ह्याच्यावरच चालतंय.” मी म्हणालो, मग पहिल्या दिवशी नोट परत का दिली? ते म्हणाले, “रुपया तितं चालत न्हाय, आन् वरचा सायेब बघत हुता.” मी मागे वळून पाहिलं तर मोर्चा विरघळला होता. कुणी सिनेमाला गेलं होतं, कुणाला एकदम पोहायचं आठवलं होतं.

सोपानराव, तिथंच मी चूक कबूल करायला हवी होती. साहेबानं इकबालभाईंकरवी विचारलंही, कागद फाडायचा का म्हणून. पण सारजा बघत होती, काउंटरवरची मुलगी बघत होती, आणि माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, राहू द्या, सकाळी बघू. सारजा एवढंच म्हणाली, “पोटावर पाय दिला तुमी त्येच्या.” त्यानंतर तिचं बोलणं बंद. सकाळी माझ्याजवळ डॉलर नव्हते, टेलिफोन होता. म्हणून बोटीच्या कॅप्टनच्या सत्कारासाठी नेलेला फेटा आणि नारळ काढला (कॅप्टन शेवटपर्यंत दिसलाच नाही) आणि बोळात रामोनला धरून त्याच्या डोक्याला फेटा बांधला. तो गणवेशात, डोक्याला गुलाबी फेटा, हातात नारळ, अन् तोंडातून “सॉरी सर, सॉरी सर”. चूक माझी आणि सॉरी तो म्हणतोय! मला फार वाईट वाटलं. उतरायच्या गडबडीत तो कागद मात्र तसाच राहिला.

तर अशी झाली सहल. दुकानात बोटीची हकिकत ऐकायला रोज माणसं येतात, एक दोघं चुकून औषधंही नेतात. चि. सुकन्यास आशीर्वाद, अक्कांस नमस्कार, जर्सीस वैरण. लोभ आहेच, तो माडीवरच्या मालावरही असू द्यावा.

आपला नम्र साडू,
जोतीराम

ता. क. मूळ सांगायचं राहिलंच. दहा-बारा दिवसांमागे बोटीच्या कचेरीचं इंग्रजी पत्र आलं, इकबालभाईंनी आम्हा दोघांना वाचून दाखवलं. रामोनला कामावरून उतरवून घरी बसवलं आहे. तक्रार खरी असेल तर मी तसं लेखी कळवायचं, म्हणजे त्याला काढून टाकतील आणि झाल्या त्रासाबद्दल आम्हा दोघांना पुन्हा एकदा फुकट बोटीत बसवतील. खोटी असेल तर तसं कळवायचं, म्हणजे तो कामावर येईल आणि आम्हाला काही नाही. सोबत ते पत्र जोडलं आहे. सुकन्याकडून चांगल्या इंग्रजीत उत्तर लिहून घ्या, की गैरसमज झाला होता, गडी बावनकशी आहे.

ता. क. दुसरा. सुकन्याला जरा विचारा, गडीही कामावर येईल आणि सहलही हातची जाणार नाही, असं काही इंग्रजीत लिहिता येतं का? इंग्रजी मोठी भाषा आहे, सोय असेल.

ता. क. तिसरा. हे अक्कांच्या कानावर घालू नका, तुमच्या कन्हेरी गावभर होईल. विचारलंच तर मी पाकिटं डॉलरनं भरून दिली असं सांगा. पत्र चिकटवायला आत सारजेकडे देतो आहे.

दाजी, सारजाचा नमस्कार. पत्र चिकटवायच्या आधी सगळं वाचलं. सुकन्याला आता काही लिहायला लावू नका. गेल्या रविवारी मी तुमच्याकडं आले होते ना, तेव्हाच तिला ते पत्र दाखवलं, आणि तिनं बोटीच्या कचेरीला उत्तर लिहून दिलं. चूक आमची, त्याला कामावर घ्या, सहल नको, एवढंच. खोली दोघांच्या नावावर होती, म्हणून माझी सही चालते असं ती म्हणाली. मी सही केली आणि बारामतीच्या पोस्टात टाकून आले. अक्काला सगळं ठाऊक हाय. ह्यांना मात्र आपणच तक्रार मागं घेतली असं वाटू द्या, त्यांचाबी जीव त्यात अडकलाय. ते इचारतात, मी एवढी का रागावले. त्यांना कसं सांगू? लग्न होऊन ह्या घरात आले त्या दिवसापासून सगळ्यांची अंथरुणं मीच घालत आले, दाजी. माझं अंथरूण कुणी घातलं ते त्या पोरानं.