मुक्ताची राणी

६ नोव्हेंबर
मुक्तानं लिहून दिग्दर्शित केलेल्या, एका राणीवरच्या ऐतिहासिक सिनेमाला पुरस्कार. कॉलेजच्या ग्रुपवर सकाळपासून अभिनंदनाचा पाऊस. मीही टाळ्या टाकल्या. याच राणीवर कॉलेजात आम्ही दोघींनी मिळून एकांकिका लिहिली होती, हे कुणाला आठवत नाही. मुलाखतीत मुक्तालाही नाही. वाचता वाचता फोडणी जळली.

९ नोव्हेंबर, रवि.
सासूबाईंना घेऊन सिनेमाला. थिएटर अर्धं रिकामं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.
महाल, हत्ती, मशाली, सगळं डोळे दिपवणारं. पण राणी सारखी घोड्यावर आणि सारखी भाषणं देतेय. कुणाशी साधं बोलत नाही, चिडत नाही, घाबरत नाही. मध्यंतरानंतर आमच्या पुढची रांग परत आलीच नाही. उरलेले मोबाइलमध्ये.
रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "राणी गेली तेव्हा रडू यायला हवं होतं ना गं? मला आपले गुडघेच दुखत होते."
इतकी हसले की रिक्षावाला वळून बघायला लागला.
एकांकिकेत लढाईच्या आदल्या दिवशी राणी जावेशी कडाकडा भांडायची आणि मग तिच्याच गळ्यात पडायची. तो प्रवेश माझा होता. लोक रडायचे.

१४ नोव्हेंबर
मुक्ताचा फोन. सत्काराला नाशिकला येतेय.
"वैशू, सगळे ग्रेट म्हणतात आणि शो उतरतायत. तू तरी खरं सांग. कुठे कंटाळा आला?"
सगळं ओठांवर होतं. राणी माणूस वाटत नाही, म्हणून तिच्यात जीव अडकत नाही. एवढंच तर सांगायचं होतं.
म्हटलं, "कुठेच नाही गं. लोकांना कळत नाही."
"थँक्स. मला वाटलं माझंच चुकलं."
सांगितलं असतं तर सुधारली असती. आणखी मोठी झाली असती. म्हणजे मी इतकी...

२२ नोव्हेंबर
सत्कार. मुक्ता फार वाळलीय. स्टेजवरून म्हणाली, "माझ्या मैत्रिणीनं धीर दिला. पुढचा सिनेमाही असाच करणार." मला उभं राहायला लावलं. टाळ्या पडल्या. लाज वाटली, आणि टाळ्या संपू नयेत असंही.

२३ नोव्हेंबर
मुक्ता जेवायला येतेय. नवी पटकथा वाचून दाखवणार आहे. पुरणपोळ्या झाल्या, कटाची आमटी उकळतेय.
सासूबाई मघाशी स्वयंपाकघरात आल्या. "तिनं मला विचारलं, सिनेमा कसा वाटला, तर काय सांगू?"
अजून उत्तराची वाट बघत त्या दारात उभ्याच आहेत. खाली गेटशी गाडी थांबली.