भट्टी थंड झाल्यावरच उघडावी

मी, खाली सही करणारी, प्लाझ्मा नायट्रायडिंगच्या कारखान्याची मालकीण, पूर्ण शुद्धीवर आहे. शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी तपासून खात्री केली आहे. कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून मन वळवलेलं नाही. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावं.

कारखान्यावरच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या लेकीला. लोखंडी कपाट लेथवाल्याला. त्याचा कधीपासून डोळा आहे त्यावर. म्हणूनच त्याला साक्षीला घेतलेलं नाही.

भट्टीही लेकीलाच. तिच्यात स्टेनलेसचे भाग लावून आम्ही हवा काढून घेतो, नायट्रोजन सोडतो आणि वीज देतो. जांभळा उजेड भागांना वेढतो आणि त्यांचा वरचा थर कडक होतो. धाकट्या दिरांनी भट्टीवर हक्क सांगितल्यास तो मानू नये. "वहिनी, जरा आच वाढवू, लवकर आटपेल," म्हणत एकदा त्यांनी परस्पर तापमान चढवलं. माल कडक झाला खरा, पण महिन्याभरात स्टेनलेसला गंज चढला आणि गिऱ्हाइकाने तो दारात आणून ओतला. भावजींना भिंतीवरचं घड्याळ द्यावं. बघत बसतील, थांबायला शिकतील.

आता कायद्यात बसत नसलं तरी लिहिते. हे गेले त्या दिवशी माल यांनीच लावला होता. मग छातीत कळ वाढली आणि लेक यांना दवाखान्यात घेऊन गेली. जाताना म्हणाले, "थंड झाल्याशिवाय उघडू नकोस गं." दुपारी लेकीचा फोन आला, "आई, बाबा गेले. तू निघ." मी वीज बंद केली. पण गरम मालाला हवा लागली की तो काळवंडतो आणि हवा ओढणारा पंप बघायला दुसरं कोणी नव्हतं. मी बसून राहिले. संध्याकाळी माल काढला, मगच गेले.

"तुला मालच प्यारा," लेक म्हणाली. तेव्हापासून आम्ही एकाच भट्टीवर काम करतो आणि फक्त तापमानाबद्दल बोलतो. तिला वाटतं, मला काहीच वाटलं नाही. खरं आहे. आतून बधिर झाले होते, अजून तशीच आहे. डॉक्टर म्हणतात, रडू येईल. मी वाट बघत नाही.

त्या मालातला एक दांडा मी गिऱ्हाइकाला दिला नाही. हातमोज्यांशिवाय आम्ही मालाला बोट लावत नाही, पण त्या दिवशी हे मोजे घालायचे विसरले असावेत. दांड्यावर यांच्या अंगठ्याचा ठसा पक्का बसला आहे, घासून जात नाही. तो माझ्या उशाखाली आहे. तो लेकीचा.

माझी बातमी येईल तेव्हा भट्टी चालू असली, तर लेकीने आधी ती थंड होऊ द्यावी. उशीर झाला म्हणून तिला कोणी बोल लावू नये. मी थांबेन.

साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. समोरचा चावीवाला (सही)
लिहून ठेवणार: भट्टीवाली (सही)
ठिकाण: भट्टीशेजारची खोली
दिनांक: आजचा, सोमवार, कारखान्याची सुट्टी