बसून केलेली मागणी

आबा, आज कळंबला सभा होती. म्हातारपणी हातपाय थकलेल्या प्रत्येक कष्टकऱ्याला सरकारनं दरमहा पोटापुरतं द्यावं, ही आपली दुष्काळातलीच मागणी. आता निराधारांना थोडं मिळतं, पण त्यासाठी आपल्याला कुणीच नाही हे आधी पटवून द्यावं लागतं. मी बोलायला उभी राहिले आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसांत तुम्हाला शोधू लागले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही सवय जात नाही.

बहात्तरच्या दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. तुमचा खोकला ऐकून मुकादमानं तुम्हाला परत पाठवलं होतं, आणि माझ्या शाळेतल्या हंगामी नोकरीवर आपली चूल पेटत होती. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी. औरंगाबादला बी.एड.ला नंबर लागल्याचं कळलं, तेव्हा मी तुम्हाला सांगून टाकलं, "मला न्हाय जायचं. शिकून झालं लई." तुम्ही रेशनवर मिळालेल्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी थापत होता. आई गेल्यापासून चूल तुमच्याकडंच होती, आणि ती भाकरी तव्यावर टाकताना हमखास मोडायची. तुम्ही तुकडे तव्यावरच जुळवत बसलात.

शाळा सुटली की मी ही मागणी लावून धरलेल्या दुष्काळ समितीच्या कामासाठी घरोघर फिरायची. तालुक्याचे साहेब म्हाताऱ्यांचं म्हणणं ऐकायला चावडीवर येणार होते. कुणी बोललंच नाही, तर या गावाला गरज नाही असं समजून ते परत जाणार. मला वाटायचं, नीट समजावलं की सगळे येतील. पण चावडीत 'मला द्या' म्हणणं म्हणजे लेक खायला घालत नाही असं गावाला सांगणं. शेजारची म्हातारी तर माझ्यावरच उखडली, "लेकाची अब्रू घालवू व्हय गं? तुझं काय जातंय!" शेवटी मी तुमच्याकडं आले. "आबा, तुम्ही तरी बोला." तुम्ही कधी नव्हे ते ओरडलात, "बी.ए. झालीस आन् बापाला परत दारात उभा करतीस?" धर्म बदलला तेव्हा तुम्ही गावकीचं काम सोडलं होतं आणि लोकांच्या दारात उभं राहून भाकरी मागणंही. त्यानंतर तुम्ही चिमूटभर मीठसुद्धा कुणाकडं मागितलं नव्हतं. मग तुम्हीच विचारलंत, "सायेब बसूनच आसणार, न्हाय का?"

"व्हय."

"मग म्याबी बसून बोलंन. उभ्यानं लई मागितलं."

ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. मी शाळेतली खुर्ची डोक्यावर घेऊन चावडीकडं निघालेय. पोरं हसतायत. खुर्ची मी साहेबांच्या टेबलासमोर ठेवते, आणि तुम्ही धोतर सावरून बसता. मग गावचे पाटील म्हणतात, "काय रं, लेक मास्तरीण झाली तरी घरात भाकर न्हाय व्हय?" माणसं खो खो हसतात. मी वाट बघतेय, आता तुम्ही माझी बाजू घ्याल. तुम्ही पाटलांकडं बघतसुद्धा नाही.

"भाकर हाय, सायेब. लेक लई जीव लावती. पण म्या खोकत बसलो म्हणून तिनं म्होरलं शिक्षान सोडलंय. आमी जल्मभर राबलो, ह्यांच्या रानात, सरकारच्या रस्त्यावर. आता हात चालंना, तर समदं वझं एकल्या पोरीनंच का उचलायचं? थोडं सरकारनं उचलावं की."

साहेबांनी विचारलं, "हे लिहून घेऊ?"

"घ्या की. आन् जरा मोठ्यानं वाचा, तिलाबी ऐकू जाऊ द्या."

तुम्ही उठायच्या आत ती लेकाची अब्रू जपणारी म्हातारी पुढं आली. "सरका की वो, खुर्चीत घर बांधलं का काय? मलाबी बोलायचंय." तिचा लेक खाली मान घालून दाराशी उभा होता. त्याला म्हणाली, "तू नगं लाजू रं. तुझ्यावर न्हाय बोलत, माझ्या गुडघ्यावर बोलती." त्यानंतर साहेबांना दुपारपर्यंत उठता आलं नाही.

पैसे काही आले नाहीत, त्या वर्षीही नाही आणि तुम्ही असेपर्यंतही नाहीत. पण शाळा उघडायच्या आधी तुम्ही मला आपल्या गावाहून, बेंबळीहून, औरंगाबादला लावून दिलंत. माघारी त्या म्हातारीनं तुमची भाकरी थापली, तुम्ही न मागता. सुट्टीत आले की तुम्ही मला चिडवायचात, तिची भाकर मोडत न्हाय म्हणून. आज मी शिकवते, सभांमधून बोलते, आणि माझ्या पायांवर उभी आहे, ते त्या खुर्चीत तुम्ही बसलात म्हणून. लोकांना वाटतं, त्या दिवशी तुम्ही सरकारकडं मागितलंत. मला मात्र तुम्ही देतानाच दिसता.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच हे लिहिता येतंय. 'मला न्हाय जायचं' म्हणाले, तेव्हा मला जायचंच होतं, आबा. फार जायचं होतं. तुम्ही भाकरीचे तुकडे जुळवत बसलात, तेव्हा तुम्हाला ते कळलं असणार.