कापसातला खळगा

प्रिय मुक्ते,

तुला जाऊन तीन वर्षं झाली, पण माझ्याच्याने एक ओळ लिहवली नाही. आज लिहितेय, कारण यंदा मधल्या खोलीत पुन्हा कापूस भरला आणि त्यात तुझ्याएवढा खळगा पडायला लागला. सकाळी मी हाताने सारखा करायचे, दुपारी पुन्हा तसाच. हात घातला तर आत ऊब!

तू सातव्या महिन्यातच आलीस. किती दिवस काचेच्या पेटीत, नाकाला नळी. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुप्फुसं कच्ची आहेत. ऊब द्या, धुरा-धुळीपासून जपा." मी त्यातली ऊब तेवढी ऐकली. तुझी आजी म्हणाली, "सातमाशी लेकरू हाय, कापसातच ठेव त्याले." त्या वर्षी आपण पहिल्यांदा बीटी कपाशी लावलेली, खोली आढ्यापर्यंत भरलेली. त्याच ढिगात खळगा करून मी तुला निजवायचे. किती शहाणी होते ना मी!

तुझ्या छातीत शिट्टी वाजायची, बरगड्या आत ओढल्या जायच्या. दर हिवाळ्यात दवाखाना, वाफेचं मशीन, आणि घरी आलं की पुन्हा तोच मऊ खळगा. तूही काय गं, कधी आकांत केला नाहीस! तिसऱ्या वर्षी, वेचणीच्या दिवसांत, एका दुपारी शिट्टी थांबली. मला वाटलं, पोरीला आराम पडला. मी भाकरी थापत राहिले.

आता तुझी धाकटी बहीण रांगते. तीही दिवस भरायच्या आत, आठव्या महिन्यातच आलेली. गेले काही दिवस ती ढिगाकडे निघाली की आतून तीच शिट्टी, तोच खोकला येतो. भर दुपारी! तुझे बाबा म्हणाले, "मांजर असन. भाव वाढू दे, मंग हलवू." मांजर तुझ्यासारखं खोकतं का गं? तीनदा, मग थांबून एकदा?

खरं सांगते, मी तुझ्यावर चिडले. वाटलं, एकटीला करमत नाही म्हणून तिला बोलावतेस.

काल ती खळग्यात उतरली. शिट्टी इतकी मोठी झाली की मी पिठाच्या हातांनीच धावले. तिला उचललं आणि आतला आवाज बंद झाला. तिच्या छातीला कान लावला. तिथं बारीक, नवी शिट्टी वाजत होती.

मुक्ते, तू तिला बोलावत नव्हतीस. मला बोलावत होतीस. तेव्हाही मलाच बोलावत होतीस ना?

आत्ताच तिला दवाखान्यातून घेऊन आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. तुझे बाबा कापूस गाडीत भरतायत. "जाऊ दे, भेटन त्या भावानं," एवढंच बोलले. खळग्यातला कापूस मात्र त्यांना उचलवेना. तो मी उचलला. अजून कोमट होता.

आता या घरात कापूस येणार नाही. आणि शिट्टी ऐकू आली की तव्यावरची भाकरी जळाली तरी मी उठेन. तिची असो, नाहीतर तुझी.

उशिरा ऐकू आलेली,
तुझी आई