मागच्या सीटवरून तीन तळी

मंगळवार, ४

उद्या तळी बघायला जायचं म्हणे! एकतीस वर्षं ह्यांनी त्याच डोंगररस्त्यावर टुरिस्टांची गाडी चालवली. मला मात्र दर वर्षी, "पुढच्या सीझनला नक्की." आणि आज चहा पिता पिता एकदम — उद्या! काही सुचेना. स्वेटरला उगाच इस्त्री केली.

बुधवार, ५

जाऊन आलो. पण ह्यांचं काय चाललंय, काही कळत नाही. सकाळी दारात गाडी आपलीच, आणि स्टिअरिंगवर स्टँडवरचा ह्यांचा दोस्त! आजवर ह्या माणसाने गाडीला कुणाला हात लावू दिला नाही. "आज मी पॅसेंजर," म्हणाले आणि मागे माझ्याशेजारी येऊन बसले.

घाटभर टकळी चालू. "आता उजवीकडे नदी... आता पूल... आता गार वारं येईल बघ." आणि यायचंच! पहिलं तळं निळंशार. मी बघतच राहिले. हे मात्र पाण्याकडे पाठ करून उभे, वीतभर अंतरावरून माझ्याच तोंडाकडे टक लावून. "अहो, लोक बघतायत!" म्हटलं. ढिम्म हलले नाहीत.

दुसऱ्या तळ्यावर तर कहरच. बंधाऱ्याच्या दुरुस्तीसाठी पाणी सोडून दिल्याची पाटी, समोर नुसता राखाडी चिखल. माझं तोंड वाकडं झालं. आणि हे सांगतायत, "बघ, पाणी कसं आरशासारखं!" थट्टा म्हणावी तर हसू नाही. "हो," म्हटलं मी. दोस्ताने मान फिरवली.

तिसरं तळं मी नीट पाहिलंच नाही. ह्यांच्याकडेच बघत होते.

गुरुवार, ६

गाडीची किल्ली खुंटीवर नाही. "दिली," म्हणाले. कुणाला? का? हातात वर्तमानपत्र धरून बसलेत — तासभर तेच पान! मला भीती वाटते. विचारायचा धीर होत नाही.

शुक्रवार, ७

आजही नाही विचारलं.

शनिवार, ८

विचारलं. "लांबचं दिसायचं गेलं गं," म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, जवळचंही फार दिवस टिकायचं नाही. तळी काय, मला पाठ आहेत. ती पहिल्यांदा बघताना तुझा चेहरा कसा होतो, तेवढं बघून घ्यायचं होतं."

आणि मी चिखल बघून तोंड वाकडं केलं!

उद्या पुन्हा जायचं. स्टँडवर फोन मीच केला.